घळीतली खानेसुमारी

जनगणनेचं काम लागलेल्या मास्तरांचं एक बरं असतं. घराला दार असतं, दाराला नंबर असतो आणि आतला माणूस आपलं नाव आपणहून सांगतो. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी पिमा, व्हेंटाना, फिंगर रॉक अशी कॅन्यनं आहेत आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या बिननावाच्या कितीतरी घळी. तिथल्या देशी वनस्पतींची यादी करायला निघालेल्या माणसाला यातली एकही सोय नाही. निम्मे रहिवासी घरी नसतात, घरी असलेले नाव सांगत नाहीत आणि हमखास दारात उभे असलेले चावतात.

घळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवथरघळ येते: ओल, शेवाळ, धबधबा. इथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर, तोही दोन हप्त्यांत. एक हिवाळ्यात, दुसरा मान्सूनमध्ये. (हो, तिकडेही मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर अशी त्याची सरकारी मुदतसुद्धा आहे. पाऊस ती पाळत नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.) हिवाळी पावसावर उगवणारी रोपं फेब्रुवारी ते एप्रिल फुलतात आणि बी टाकून नाहीशी होतात. मान्सूनवाली ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. दोन्ही गटांची आयुष्यात गाठ पडत नाही. म्हणून मार्चमधली यादी आणि सप्टेंबरमधली यादी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या घळींच्या वाटतात. मे-जूनमध्ये गेलात तर सगळी आळीच कुलूपबंद.

या कुलूपबंदांचा मुखिया म्हणजे ओकोतियो. एरवी ही वाळक्या काटेरी काठ्यांची मोळी. दमदार पाऊस पडला की काही दिवसांत तळापासून टोकापर्यंत हिरवीगार. ओल संपली की पानं गाळून पुन्हा मोळी. वर्षातून हे कितीही वेळा चालतं. नवशिक्याच्या वहीत त्याच्यापुढे 'मृत' अशी नोंद सापडते. पालो वेर्दे झाडही बराच काळ पानांशिवाय असतं, पण त्याचं खोडच हिरवं असल्याने स्वयंपाक खोडातच चालतो. ते फसवत नाही.

तेव्हा एका फेरीत यादी होत नाही. किमान चार फेऱ्या, त्याही दोन-तीन वर्षं, कारण हिवाळा कोरडा गेला तर त्या साली वसंतातले अर्धे पाहुणे जमिनीतच झोपून राहतात. फिंगर रॉकच्या पायवाटेवर एक हौशी निरीक्षक १९८४ पासून वर्षानुवर्षं चढत राहिला आणि प्रत्येक फेरीत काय फुललंय ते लिहीत गेला. त्याच्या २० वर्षांच्या वह्यांवरून दिसलं की उन्हाळे तापत गेले तशा कित्येक जाती फुलण्यासाठी डोंगर चढू लागल्या. म्हणजे घरी सापडलेला रहिवासीसुद्धा पत्ता बदलतो.

आधी परवाना. जमीन ज्या खात्याची, त्याची लेखी परवानगी हवी. शिवाय ॲरिझोनात देशी वनस्पतींसाठी कायदा आहे आणि सवारो निवडुंगाला तर हात लावायचा नाही. (लिहितात सग्वारो, म्हणतात सवारो.) परवानगी मिळाल्यावरही पाळायचा नियम असा: आसपास किमान २० रोपं दिसली तरच एक उपटायचं. या हिशेबाने मारुतीरायाचा अर्ज पहिल्याच टेबलावर फेटाळला गेला असता. वनस्पती ओळखता आली नाही म्हणून डोंगर उचलणं हे मनोमन सगळ्यांनाच पटतं, पण फॉर्मात तसा रकाना नाही.

मग पद्धत. पुस्तकात लिहिलेलं असतं: ५० मीटरची टेप सरळ रेषेत टाका आणि रेषेला शिवणारं प्रत्येक झाड नोंदवा. ही रेषा बहुधा फुटबॉलच्या मैदानावर आखून पाहिलेली असावी. घळीत ती पहिल्या दहा मीटरांत मांजरनख्या झुडपात शिरते आणि उरलेली चाळीस कड्यावरून खाली लोंबते. माझं मत विचाराल तर लहान घळीत टेप गुंडाळून ठेवावी. घळीचे चार कप्पे करावेत: तळ, दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, उत्तरेकडे तोंड असलेला उतार आणि कड्यांच्या फटी. प्रत्येक कप्प्याचा कागद वेगळा. घड्याळ लावून नागमोडी फिरायचं. अर्ध्या तासात एकही नवं नाव मिळालं नाही की तो कप्पा त्या दिवसापुरता संपला.

कप्पे वेगळे ठेवण्याला कारण आहे. तळाशी ओढ्याच्या कडेने कॉटनवूड, विलो, ॲश आणि पांढऱ्या खोडाचा सायकमोर. दक्षिणेच्या उन्हाच्या उतारावर सवारो, पालो वेर्दे आणि राखाडी पानांचा ब्रिटलबुश. समोरच्या सावलीच्या उतारावर नेचे आणि सेलाजिनेला, जो सुकून तपकिरी मुठी वळतो आणि पाणी मिळताच उघडतो. आपल्याकडे त्याच्या भावाला संजीवनी म्हणून विकतात. रात्री गार हवा उतरून घळीत साचते, म्हणून वरच्या डोंगरातली झाडंही इथे खाली आलेली असतात. सगळं एकाच कागदावर लिहिलं तर सायकमोर आणि सवारो शेजारी-शेजारी येतात. ते खोटं नसतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

जागेची नोंद हा वेगळाच छळ. उंच भिंतींमध्ये जीपीएसला आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, त्यात उपग्रहांचे संदेश खडकांवर आपटून येतात. यंत्र तुम्हाला बिनधास्त समोरच्या कड्याच्या पोटात उभं करतं. म्हणून आकड्यासोबत यंत्राने दाखवलेली चूक किती मीटर तेही लिहावं आणि शब्दांतही ठिकाण लिहावं. 'मोठ्या दगडाजवळ' हे ठिकाण नव्हे. घळीत दुसरं काही नसतंच.

आता काटे. मांजरनख्या झुडपाचे काटे मागे वळलेले असतात. इंग्रजीत त्याला 'थांब जरा' म्हणतात. अडकलात की पुढे ओढायचं नाही. एक पाऊल मागे सरायचं, ते आपोआप सोडतं. चिल्लारीत अडकलेल्या कोणालाही हे तंत्र ठाऊक असतं, पण आठवतं ते शर्ट फाटल्यावर. टेडी बेअर चोला लांबून मऊ, केसाळ, कुरवाळावासा दिसतो. त्याचा पेरभर तुकडा नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतो, कारण काट्यांना सूक्ष्म उलटे दाते असतात. तो बोटांनी काढायला जाऊ नये, नाहीतर हातालाच चिकटतो. खिशात फणी ठेवावी, रुंद दातांची. तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये घालून एका झटक्यात उडवावा. उडवण्याआधी सोबती कुठे उभा आहे ते पाहावं. या एका नियमाने पुष्कळ मैत्र्या टिकल्या असतील.

फड्या निवडुंगाचे मोठे काटे सज्जन म्हणायचे, ते दिसतात तरी. खरी पीडा त्याच्या बारीक केसाळ काट्यांची. आधी चिमट्याने निघतील तेवढे काढावेत, मग त्या जागी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावून वर जाळीचं कापड चिकटवावं आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढावं. दाताने काढू नये. जिभेवर फेव्हिकॉल लावता येत नाही.

काट्यांतून सुटलात की पिवळी फुलं गाठतात. ब्रिटलबुश, डेझर्ट मॅरिगोल्ड, गोल्डनआय, पेपरफ्लॉवर, ट्रिक्सिस: सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, सगळी पिवळी, सगळी एकदमच. कासच्या पठारावर सोनकी पाहून 'पिवळं फूल' एवढ्यावर समाधान मानणारा माणूस सुखी. इथे फूल उलटं करून खालची छदं (फुलाला धरून असलेली छोटी पानं) किती रांगांत आहेत ते पाहावं लागतं आणि फळाच्या डोक्यावर केस आहेत, खवले आहेत की टक्कल आहे तेही. त्यासाठी पिकलेलं फळ हवं. ते अजून तीन आठवड्यांनी येणार. म्हणजे पाचवी फेरी. वसंतातली काही रोपं तर बोटाच्या पेराएवढी. त्यांच्यासाठी पोटावर आडवं व्हावं लागतं. दहापट भिंग डोळ्याला टेकवून रोप भिंगाकडे आणायचं. पण आडवं होण्याआधी काठीने आजूबाजूचे दगड वाजवून घ्यावेत. खुळखुळ्या सापही सावलीच शोधत असतो.

ओळख पटली तरी शास्त्रीय नाव टिकेल याची हमी नाही. पालो वेर्देचं सर्सिडियम होतं, ते पार्किन्सोनिया झालं. मांजरनखी अकेशिया होती, ती सेनेगालिया झाली. मेस्कीट नावाचं झाड प्रोसोपिस होतं, २०२२ मध्ये त्याचं नेल्टुमा झालं. आपली बाभूळही यातून सुटली नाही. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे ठेवलं गेलं आणि बाभळीच्या वाट्याला वॅचेलिया आलं. यादीत जुनं नाव कंसात ठेवलेलं बरं. रस्त्यांची नावं बदलल्यावर रिक्षावाल्याला जुनंच सांगावं लागतं, तसंच.

मराठी माणसाला इथे आणखी एक त्रास होतो, तो ओळखीच्या चेहऱ्यांचा. खडकाळ उतारावर जखमीचं झुडूप उभं, पंखवाल्या फळांसकट. गवतात कुसळी. मध्येच विष्णुक्रांतेचं निळं फूल. या तिन्ही जाती दोन्हीकडच्या. ओढ्याकाठी पांढऱ्या कर्ण्यांचा धोत्रा, आपल्या धोत्र्याचा थोराड चुलतभाऊ. मेस्कीट म्हणजे वेडी बाभळीचं नातलग, इथे मात्र अगदी शहाण्यासारखं नांदतं. आणि या घळींचा सगळ्यात मोठा गुंड कोण, तर अंजन गवत. आपल्याकडे गुरांसाठी कौतुकाने लावतात तेच. इथेही ते गेल्या शतकात चाऱ्यासाठीच आणलं. ते झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं, वाळलं की भडकून पेटतं आणि पुन्हा मुळापासून फुटतं. सवारोला आगीची सवय नाही. तो फुटत नाही. यादीत अंजनापुढे 'परकं' लिहिताना गावच्या माणसाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं, पण लिहावं लागतं. एकेक झुबका कुठे आहे तेही, म्हणजे उपटणाऱ्यांना सापडेल.

नमुने दाबायची प्रेस ३० × ४५ सेंटिमीटरची. लाकडी जाळी, पुठ्ठा, टीपकागद, वर्तमानपत्रात नमुना, पुन्हा टीपकागद, पुठ्ठा आणि शेवटी पट्टे. पुठ्ठ्याच्या नळ्या लांब बाजूला उघडल्या पाहिजेत, म्हणजे हवा खेळते. वर्तमानपत्र साध्या कागदाचं घ्यावं. गुळगुळीत रंगीत पुरवणी पाणी शोषत नाही. फुलाचा रंग दाबण्याआधी लिहावा, नंतर सगळंच चहाच्या रंगाचं होतं. निवडुंगाचं पान उभं चिरून आतला गर खरवडावा आणि टीपकागद रोज बदलावा. गर राहिला तर एक तर बुरशी धरते, नाहीतर ते पान प्रेसमध्येही जिवंत राहून कोंब काढतं.

पाणी उन्हाळ्यात तासाला एक लिटर धरावं आणि निम्मं संपलं की मागे फिरावं, मग समोर काहीही फुललेलं असो. मान्सूनमध्ये डोक्यावरचं आकाश निळं आहे यावर विसंबू नये. पूर वरच्या डोंगरातून येतो आणि त्याला तुमच्या डोक्यावरच्या ढगाची गरज नसते.

गाडीपाशी आल्यावर शेवटचं काम मोज्यांचं. अंजनाचं केसाळ बी, सराटे, कुसळं, सगळं तिथेच उपटून पिशवीत बंद करायचं, म्हणजे ते पुढच्या घळीत उतरणार नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, मोज्यातलं मात्र आपल्यालाच टोचतं. पिशवी कचऱ्यात टाकण्याआधी भिंगाखाली एकदा धरून पाहावी. दिवसभर शोधून न सापडलेलं एखादं गवत पुष्कळदा डाव्या घोट्यापाशी निघतं, आणि मग ते नेमकं कुठल्या कप्प्यात लिहायचं यावर वाद सुरू होतो.