मॅडलीन बेल मागेच का राहिली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लंडनला स्थायिक झालेली अमेरिकन गायिका मॅडलीन बेल हिच्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिली आहे, पण मन लावून लिहिली आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. एवढ्या ताकदीची सोल गायिका (सोल म्हणजे चर्चमधल्या गाण्यातून आलेलं अमेरिकन काळ्या लोकांचं संगीत) आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे 'ऊ-आ' करत राहिली, याला कारकीर्द म्हणणं ही तिची थट्टा आहे. लंडनच्या गोऱ्या गायकांनी चर्चमध्ये कमावलेला तो काळा आवाज स्वस्तात वापरून घेतला. आणि १९६८मध्ये अमेरिकेत तिचं गाणं चाललं तेव्हाच ती घरी परतली असती, तर आज सोलची राणी अरीथा फ्रँकलिनच्या पंक्तीला बसली असती.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. 'आयम गॉना मेक यू लव्ह मी' हे गाणं मॅडलीनच्या आवाजात १९६८मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २६व्या क्रमांकापर्यंत चढलं, हे खरं. पण १९६६मध्ये डी डी वॉरिक तेच गाणं गाऊन बसली होती, आणि १९६८ संपता संपता सुप्रीम्स आणि टेम्प्टेशन्स या दोन गायकचमूंनी मिळून तेच पुन्हा आणलं, पाठीशी मोटाउन या बड्या तबकडी कंपनीची सगळी यंत्रणा घेऊन. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. परत जाऊन तिला टक्कर द्यायची होती ती यांच्याशी. शिवाय 'घर' म्हणजे न्यू जर्सीतलं नेवार्क. सारा व्हॉन तिथली, सिसी ह्यूस्टन तिथली, डिऑन वॉरिक शेजारच्या ईस्ट ऑरेंजची. चर्चमध्ये तयार झालेल्या गळ्यांची त्या भागात वाण नव्हती. आणि १९६७च्या जुलैमध्ये त्याच नेवार्कमध्ये दंगल उसळून २६ माणसं मेली होती. पुढच्याच वर्षी तिने तिकडे परतायला हवं होतं, हे आज इथे बसून म्हणणं फार सोपं आहे.

परतलेल्यांचं काय झालं, तेही बघा. डोरिस ट्रॉय या अमेरिकन गायिकेला १९६३मध्येच अमेरिकेत मोठं यश मिळालं होतं. १९६९मध्ये ती लंडनला आली, बीटल्सच्या ॲपल कंपनीने तिची तबकडी काढली, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये ती मागे गायली आणि सत्तरच्या दशकात मायदेशी गेली. १९८३पासून न्यूयॉर्कमध्ये तिच्याच आयुष्यावरची संगीतिका चालली आणि तीत तिने स्वतःच्या आईची भूमिका केली. आयुष्य छानच, पण अरीथा काही ती झाली नाही. उलट पी. पी. आर्नल्ड ही अमेरिकन गायिका लंडनमध्ये पुढे उभी राहून गायली. तिची कंपनी १९७०मध्ये बुडाली, आणि त्या सुमारास बी जीजच्या बॅरी गिबबरोबर केलेली बहुतेक ध्वनिमुद्रणं २०१७पर्यंत बाहेर आली नाहीत. पुढे उभं राहिलं की न्याय मिळतोच असा काही नियम नाही.

आता 'ऊ-आ'बद्दल. इथे माझं तुमच्याशी खरं भांडण आहे.

मॅडलीन १९६२मध्ये लंडनला आली ती लँग्स्टन ह्यूजच्या 'ब्लॅक नेटिव्हिटी' या गॉस्पेल, म्हणजे काळ्या अमेरिकन चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, नाटकाबरोबर, ॲलेक्स ब्रॅडफर्डच्या गायकवृंदातून. गॉस्पेलमध्ये पुढचा गायक हाक घालतो आणि मागचे ओ देतात. ती ओ काढून टाका, हाक हवेत विरते. वारकरी कीर्तनात मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात तेव्हा कीर्तन उभं राहतं ना, तसंच. त्यांना कुणी बुवा न होऊ शकलेले लोक म्हणत नाही. खुद्द तुमच्या अरीथाचं 'आय से अ लिटल प्रेअर' काढून ऐका. ध्रुपदाच्या ओळी मागच्या बायका धरून आहेत आणि अरीथा त्यांच्या अवतीभवती फिरते. इंग्लिश रॉक गायक जो कॉकरचं १९६८चं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' घ्या. त्यात प्रश्न विचारणाऱ्या बायकांमध्ये मॅडलीन आहे, फिलाडेल्फियाहून आलेली रोझेटा हायटॉवर आहे, सनी आहे. कॉकर त्यांना उत्तरं देतो, आणि घशाच्या शिरा ताणताणून देतो. प्रश्न तसे आले नसते तर त्याला एवढं ओरडायचं कारणच नव्हतं.

आणि हे काम येरागबाळ्याचं नाही. तीन जणी एका माईकभोवती उभ्या. स्वराची रुंदी तिघींची सारखी, कंप एकीचाही जास्त नाही, शब्दाच्या शेवटचं व्यंजन तिघींचं एकाच क्षणी मिटलं पाहिजे. गाणं त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलेलं. लंडनमध्ये सेशन, म्हणजे ध्वनिमुद्रणाची एक पाळी, तीन तासांची असे: सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच, संध्याकाळी सात ते दहा. एका दिवसात तीन स्टुडिओ, तीन वेगळे गायक, तीन वेगळ्या शैली, मध्ये एखादी जाहिरातीची धून. अमेरिकन काळ्या संगीताने झपाटलेले गोरे पोरगे तिथे ढिगाने होते, पण तसा गळा मोजक्यांकडे. म्हणून तिला काम मिळालं, वर्षानुवर्षं मिळालं. शिवाय सेशनवाल्यांच्याच 'ब्लू मिंक' या चमूतून रॉजर कुकच्या जोडीने ती पुढेही गायली. १९६९चं त्यांचं पहिलं गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. 

गोऱ्यांनी वापरलं, हा तुमचा दुसरा आरोप. डस्टी स्प्रिंगफील्ड या गोऱ्या इंग्लिश गायिकेच्या मागे मॅडलीन गायली, हे तुम्ही लिहिलंत. मॅडलीनच्या मागे डस्टी गायली, हे लिहिलं नाहीत. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे डस्टी तेव्हा 'ग्लॅडिस थाँग' असं भन्नाट नाव लावायची. ही तीच डस्टी, जिला १९६४मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बाहेर काढलं होतं, कारण वर्णभेद पाळून बसवलेल्या श्रोत्यांपुढे गायला तिने नकार दिला. मैत्रिणी होत्या त्या.

पण डस्टी भली होती म्हणून तो धंदाही भला होता, असं मी म्हणत नाही. अन्याय होता, फक्त तुम्ही बोट चुकीच्या ठिकाणी ठेवताय. मागे उभं राहण्यात कमीपणा नाही. एकदा बिदागी हातावर ठेवून कायमचं मोकळं होण्यात आणि नावाकडे दुर्लक्ष करण्यात तो अन्याय आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६९च्या 'लेट इट ब्लीड' या अल्बमवर मॅडलीन आणि डोरिसबरोबर तिसरी गायिका होती नॅनेट वर्कमन. वेष्टनावर छापलं 'नॅनेट न्यूमन', म्हणजे एका इंग्लिश नटीचं नाव! प्रूफ बघायची कुणाला गरज वाटली नाही. क्लेअर टॉरी ही गायिका तर इंग्लिशच होती आणि गोरीही. पिंक फ्लॉइडसाठी १९७३च्या जानेवारीत एका रविवारी शब्दांवाचून जे गायली, त्याचे तिला ३० पौंड मिळाले, तेही रविवारचा दर दुप्पट म्हणून. २००४मध्ये ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली आणि मग कुठे सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागलं. पुढे येऊन एक अख्खं गाणं पेलणाऱ्या बाईला बत्तीस वर्षं लागली.

कायदा हळूहळू हलला. १९९६पासून ब्रिटनमध्ये तबकडी रेडिओवर वाजली की मागे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही त्या पैशांत वाटा धरला जातो. २०१३मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांचं ७० झालं, तेव्हा त्या वाढीव काळातल्या उत्पन्नाचे २० टक्के एकरकमी बिदागीवर काम केलेल्यांसाठी बाजूला काढायची सक्तीही आली. उशिरा आलं, पण आलं.

आणि आपण? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी काय काय वाजवलं आणि तबकडीवर त्यांची नावं किती आली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०१२च्या दुरुस्तीनंतरही आपल्या कॉपीराइट कायद्यात एक कलम असं आहे, की चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो एका अपवादापुरता सोडला तर 'कलावंत' धरलाच जात नाही. नाव द्यायचं नाही, आणि नाव नाही म्हणून हक्कही नाही. कोरसवाल्याला या खाचेत ढकलणं किती सोपं आहे बघा. राग इथे काढू या की, मी तुमच्या बरोबर आहे.

तुम्ही विचारलंत की तिचं एकटीचं ऐकण्यासारखं काही आहे का. आहे. तिचा १९६७चा अल्बम 'बेल्स अ पॉपिन' ऐका, पण सगळ्यात आधी तिचा 'कमिन ॲचा' ऐका. 'कमिन ॲचा'चा निर्माता लेड झेपलिन या रॉक बँडचा जॉन पॉल जोन्स, जो स्वतः लंडनच्या सेशनमधूनच वर आला. हेडफोन लावून ऐका, आणि मग हवं तर पुन्हा भांडायला या.