उजव्या सोंडेचा टी-शर्ट

सोसायटीच्या विसर्जन मिरवणुकीसाठी टी-शर्ट छापून घ्यायची चर्चा चालली होती. मी सहज म्हणालो, "बाहेर कशाला? स्टेन्सिल कापून घरीच रंगवू की!" पुढच्याच मिनिटाला बैठक संपली. सगळे इतक्या झटकन चपला शोधायला लागले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

22 सुती टी-शर्ट घरी येऊन पडले. ते आधी धुवायचे, कारण कापडात खळ असली की रंग धाग्यात मुरत नाही. भर पावसाळ्यात डोंबिवलीच्या वन बीएचकेत 22 टी-शर्ट वाळवणं म्हणजे काय, हे पंख्याखाली मोजे वाळवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

स्टेन्सिलसाठी बाबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे घेतला. कटरने 'मोरया' कापलं, तर म आणि य यांची पोटं टपाटप खाली पडली. आपली अक्षरं शिरोरेघेखाली बंदिस्त. मधला तुकडा धरायला बारीक पट्टी सोडावी लागते. हे ज्ञान होईस्तोवर बाबांचा दुसरा गुडघाही संपला होता. छातीचा एक्स-रे त्यांनी उशीखाली लपवला.

स्पंज जवळजवळ कोरडा हवा, रंगात पाणी अजिबात नको. रंग पुरावा म्हणून मी चमचाभर घातलं. तो स्टेन्सिलखालून पसरला आणि पहिल्या बाप्पाला तीन सोंडा फुटल्या. आत पुठ्ठा सरकवायचा राहिल्यामुळे पाठीवरही अर्धा बाप्पा उमटला.

बाविसाव्या टी-शर्टला डोळ्यांवर झापड होती. स्टेन्सिल उलटी पडली. सकाळी आई इस्त्री करायला बसली (उलट्या बाजूने, उष्णतेने रंग पक्का होतो) आणि थबकलीच.

"अरे, हा उजव्या सोंडेचा!"

"कोणाची उजवी?"

"देवाची! तुझी कोण विचारतंय? सिद्धटेकचा असतो तसा. कडक असतो हो. सोवळं पाळावं लागतं."

टी-शर्ट मोजून आणलेले. तो अर्थातच माझ्या वाट्याला आला.

विसर्जन आटोपून मंडळी भुर्जीच्या गाडीकडे वळली. मला आईने ताकीदच दिली होती, त्यामुळे मी पलीकडच्या फुटपाथवर केळं खात उभा.

तो टी-शर्ट अजून दारामागे तसाच लटकतोय, गुलालासकट. मशीनमध्ये टाकायचा नाही म्हणे. आंघोळ करून, ओलेत्याने, वेगळ्या बादलीत, हाताने धुवायचा. मी.