गरोदरपणात मलेरियाची औषधं: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. गरोदरपणातल्या मलेरियावरचा माझा लेख वाचून तुमचं म्हणणं असं: पहिल्या तीन महिन्यांत आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन (मलेरियाच्या जोडगोळ्या) चालतं हे लिहिणं बेजबाबदार आहे, पाकिटातल्या कागदावरच 'टाळा' असं छापलेलं असतं, क्विनाइनने तर गर्भ पडतो, त्यापेक्षा ताप अंगावर काढलेला बरा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. फाल्सिपेरम या परजीवीचा मलेरिया अंगावर काढायचा आजारच नव्हे. त्याने बाधलेल्या लाल पेशी वारेत (प्लासेंटात) जाऊन चिकटतात. बोटातल्या रक्ताच्या काचेवर परजीवी दिसत नाही आणि वार मात्र भरलेली, असंही होतं. आईचं हिमोग्लोबिन घसरतं, बाळाचं वजन भरत नाही, गर्भही पडू शकतो. म्हणजे तुलना करायची ती औषध आणि परजीवी यांची.

कागदावरचा इशारा खोटा नाही, पण जुन्या माहितीवरचा आहे. उंदरांच्या गर्भात आर्टेमिसिनिनमुळे (आर्टेमेथर याच गटातलं) सुरुवातीच्या लाल पेशी मेल्या आणि गर्भ विरघळले. उंदरात या पेशी थोडक्या अवधीत एकदम तयार होतात, माणसात ते काम बरेच दिवस चालतं. पुढे पहिल्या तिमाहीत हे औषध घेतलेल्या शेकडो बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्विनाइनच्या तुलनेत धोका वाढलेला दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये साध्या फाल्सिपेरमसाठी पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचीच शिफारस केली.

क्विनाइनने गर्भ पडतो हा समज विषारी मात्रेवरून आलेला. दर आठ तासांनी किलोमागे १० मिलिग्रॅम या उपचाराच्या मात्रेत कळा आल्या, तर त्या बहुधा तापामुळे. ताप उतरला की ओसरतात. खरी भीती रक्तातली साखर घसरण्याची. क्विनाइनमुळे इन्सुलिन सुटतं, गरोदर बाईत जरा जास्तच. घाम, थरथर, गुंगी दिसली की 'मलेरियाच आहे' म्हणून सोडून देतात; तिथे आधी ग्लुकोमीटर लावायचा. शिवाय कान वाजतात, तोंड कडू होतं, आणि सात दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सुटतो.

आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचे दिवस तीन, मात्रा सहा, दर वेळी २०/१२० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. दुसरी मात्रा आठ तासांनी, पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. घोळ होतो तो मळमळीमुळे. बाई उपाशीपोटी गोळ्या घेते, आणि ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलंच जात नाही. गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी तशीही कमी राहते. म्हणून सोबत कपभर दूध हवं. तासाभरात उलटी झाली तर अख्खी मात्रा पुन्हा.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर: सगळीच औषधं चालत नाहीत, आणि लेखात मी ते एका ओळीत उरकलं होतं. यकृतात दडलेले परजीवी मारणारी प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन गरोदरपणात वर्ज्य. आईचं जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं विकर) तपासता येतं, पोटातल्या बाळाचं नाही. त्याच्यात या विकराची कमतरता असली तर त्याच्या लाल पेशी फुटतात. म्हणून व्हायवॅक्सला (मलेरियाचा दुसरा परजीवी, जो यकृतात दडून राहतो) तीन दिवस क्लोरोक्विन (परजीवी त्याला दाद देत असेल तिथे), मग उलटू नये म्हणून बाळंतपणापर्यंत तेच आठवड्याला ३०० मिलिग्रॅम, आणि यकृतात दडलेल्यांचा बंदोबस्त नंतर. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिकही नको, बाळाच्या दातांसाठी आणि हाडांसाठी.

गंभीर मलेरियात, म्हणजे झटके, बेशुद्धी, दम लागणं, तिथे कितवा महिना हे पाहत थांबायचं नाही: आर्टेसुनेटचं इंजेक्शन लगेच, किलोमागे २.४ मिलिग्रॅम, मग १२ आणि २४ तासांनी. साध्या तापात मात्र पाळी चुकली असेल तर गोळ्या लिहून घेण्याआधी डॉक्टरांना तेवढं सांगा.