बाळ पितळेचं आहे हो

परवा मेडिकलमध्ये जे झालं ते लिहूनच टाकतो. मनात ठेवलं की रात्री दोनला आठवतं आणि मग परत नव्याने राग येतो.

तर मी ट्रंपेट शिकतोय. बँकेतून रिटायर झाल्यापासून, दोन वर्षं झाली. का म्हणून विचारू नका, लोक नर्मदा परिक्रमेला जातात तेव्हा त्यांना कोणी विचारतं का? गेल्या आठवड्यात माझी मेन स्लाइड, म्हणजे पुढची सरकती नळी, अडकली ती हलेचना. सरांनी वळणात रुमाल ओवून, माझ्याकडे न बघता, एक असा झटका दिला की फट्कन आवाज होऊन नळी बाहेर आली आणि आतून हिरवट काळं काहीतरी रुमालावर उतरलं. सर गोव्याचे, एकेकाळी रेकॉर्डिंगला वाजवलेले, ते फक्त म्हणाले, "बाबा, हे तू वाजवतोस का लोणचं घालतोस?"

आता या स्लाइडला काय लावायचं हा प्रश्न बाहेरच्या माणसाला फालतू वाटेल. मलाही वाटायचा. पण ट्रंपेट म्हणजे साधारण साडेचार फूट नळी गुंडाळलेली, आणि पुढच्या वळणाची मेन स्लाइड जरा बाहेर ओढली की सगळेच सूर उतरतात, आत ढकलली की चढतात. म्हणजे ती एकदा लावली की तिथेच बसून राहिली पाहिजे, तिला दाट, चिकट काहीतरी लागतं. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडचं बरोबर उलटं. (व्हॉल्व्ह म्हणजे बोटाने दाबायची कळ, दाबली की तिची जादा नळी मूळ नळीला जोडली जाते.) तिच्या कडीत डाव्या हाताचं बोट अडकवलेलं असतं आणि वाजवता वाजवता ती सुळकन पुढे सरकवायची असते, कारण पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकदम दाबला की सूर चढा लागतो. का? तर व्हॉल्व्हच्या नळीची लांबी मोकळ्या ट्रंपेटच्या हिशोबाने कापलेली असते. आणखी एखादा व्हॉल्व्ह आधीच दाबला असेल तर मूळ नळीच लांब झालेली, मग ही तोकडी पडते. आमच्या भाषेत, व्याज जुन्या मुद्दलावर काढलंय आणि मुद्दल मधेच वाढलंय. वरचा फरक बोटाने भरायचा. हे मला पहिल्या फटक्यात कळलं तेव्हा सर चकित झाले होते. वाजवण्याने अजून झालेले नाहीत.

म्हणजे एकाच वाद्याला दोन तऱ्हेची वंगणं, आणि व्हॉल्व्हचं पातळ तेल वेगळंच. ते तेल चुकून स्लाइडवर गेलं की ग्रीस धुऊन काढतं, ग्रीस व्हॉल्व्हमध्ये गेलं की व्हॉल्व्ह जड होतात. एकत्र कुटुंब आहे नुसतं.

मी काय काय लावून बघितलं म्हणता? एका लग्नात बँडवाल्याने खोबरेल तेल सांगितलं. तो बिचारा मे महिन्यात बोलत होता, मी लावलं डिसेंबरात, आणि पुण्यात डिसेंबरात सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तेच स्लाइडचं झालं. मग व्हॅसलिन. एप्रिलपर्यंत छान चाललं, उन्हाळ्यात ते पातळ होऊन मेन स्लाइड आपली आपणच खाली घसरायला लागली. मग तिसऱ्या स्लाइडला शिलाई मशीनचं तेल, तर ती इतकी सुळसुळीत झाली की कडीतून बोट निसटल्याबरोबर बाल्कनीतून खालच्यांच्या तुळशीत. शेवटी ऑनलाइन इम्पोर्टेड ग्रीस मागवलं, लिपस्टिकएवढी ट्यूब, आमच्या आठवड्याच्या दुधाचे पैसे. एकोणीस दिवसांनी आलं, उघडलं तर आत व्हॉल्व्ह ऑइल. परत करायला गेलो तर लिक्विड आयटम परत घेत नाही म्हणे. अहो पण मी लिक्विड मागवलंच नव्हतं! हे मी चॅटवरच्या यंत्राला चार वेळा टाइप केलं, चारही वेळा त्याला माझी अडचण समजली होती आणि वाईट वाटलं होतं.

तेव्हा सर म्हणाले, "कशाला एवढं? लॅनोलिन आण. प्युअर. मेडिकलात मिळतं." लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेणासारखं, पिवळसर, चिकट. मेंढ्या पावसात भिजून वाळतात त्या याच्याच जोरावर, तर नळीतल्या थुंकीची काय कथा. हे सगळं सरांनी सांगितलं. ते मेडिकलमध्ये कशासाठी विकतात तेवढंच सांगितलं नाही, आणि ते विसरले असं मला वाटत नाही.

संध्याकाळी सातची वेळ, दुकानात पाचसहा माणसं. मी म्हटलं, "लॅनोलिन आहे का? प्युअर पाहिजे." पोराने कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं आणि दुकानाच्या त्या टोकाहून ओरडला, "काका, ते निपल क्रीम येतं बघा, फीडिंग मदर्सचं, तेच ना?"

दुकान गप्प. शुगरच्या गोळ्या मोजणारे एक गृहस्थ मोजायचे थांबले.

मी म्हटलं, असेल, दे. आणि तिथेच सुटलो असतो, पण माझ्या मागे एक मावशी होत्या. पंचाहत्तरच्या पुढच्या, कानाला मफलर, हातात प्रिस्क्रिप्शनची सुरळी. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"अगबाई! किती महिन्यांचं बाळ?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी, बाळ नाही."

"मग दिवस भरत आलेत वाटतं. आधीपासून आणून ठेवताय, छान केलंत. आमच्या यांना बाळंतिणीला काय लागतं याचा पत्ता नव्हता." मग आवाज खाली आणून, म्हणजे औषधांच्या शेवटच्या कपाटापर्यंतच ऐकू जाईल इतका खाली आणून, "पण हे विकतचं कशाला? शतधौत घृत लावा. साजूक तूप, तांब्याच्या परातीत, शंभर वेळा पाण्याने धुवायचं. लोण्यासारखं पांढरं होतं. मी स्वतः धुऊन देईन."

खरं सांगतो, क्षणभर मी विचार केला. दाट असतं, चिकट असतं. पण ट्रंपेट पितळेचं, आत तूप खवट होणार, वर कळकणार, शिवाय मुंग्या. आणि हा विचार मी नुसता करायला हवा होता तर तोंडातून गेलं, "नको मावशी, पितळ आहे, कळकेल."

"पितळ?"

"ट्रंपेट आहे माझं. वाजवायचं. त्याच्या नळीला लावायचंय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे, मग परत माझ्याकडे. "पितळी आहे तर कल्हई करून घ्या ना," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम मायेने, "लाजताय कशाला? नातवंड ही काय लाजायची गोष्ट आहे? तुम्ही बी विंगचे ना? तुमची मिसेस आमच्या भजनात आहे. मुलगी नाशिकला दिलीय, बरोबर?"

पोरगं म्हणालं, "काका, बिल करू का?" शुगरवाले गृहस्थ मला म्हणाले, "अभिनंदन." आणि मी, काय झालं होतं मला कोण जाणे, "थँक्यू" म्हणालो.

इथपर्यंत हसलात ना? मीही घरी येऊन हसतच सांगितलं. रात्री नऊला नाशिकहून फोन. मुलीला तोवर तिघींचे मेसेज गेले होते, त्यातली एक तिच्या सासूबाईंची मैत्रीण. लग्नाला तीन वर्षं झाली, या तीन वर्षांत तिला हळदीकुंकवात, लिफ्टमध्ये, एकदा तर एटीएमच्या रांगेत हाच प्रश्न विचारलाय लोकांनी, आणि ती दर वेळी हसून वेळ मारून नेते. परवा हसली नाही. "बाबा, तुम्ही थँक्यू का म्हणालात?" एवढंच म्हणाली. याला माझ्याकडे काय उत्तर असणार? मावशींचा राग मला येतो तो तुपासाठी नाही. माणूस समोर उभा राहून मराठीत ट्रंपेट म्हणतोय आणि तुम्हाला बाळच ऐकायचंय, याचा येतो. आणि त्या शुगरवाल्याचा तर जास्तच. तुमचा काय संबंध होता हो? गोळ्या मोजा ना.

असो. स्लाइड मात्र लोण्यासारखी झालीय. जुनं सगळं पुसून काढलं, मग आतल्या नळ्यांना अगदी पातळ हात, एकेक नळी आधी वेगळी घालून फिरवून घेतली, मग दोन्ही एकदम आणि बाहेर आलेलं पुसून टाकलं. ओढली तर येते, सोडली तर तिथेच थांबते. तिसऱ्या स्लाइडसाठी त्याच लॅनोलिनमध्ये चार थेंब ते चुकून आलेलं व्हॉल्व्ह ऑइल मिसळलं, निदान त्याचे पैसे तरी वसूल. शब्द खर्च न करता सरांनी मान हलवली.

आज दुपारी मावशी स्वतः जिना चढून आल्या, लिफ्ट बंद होती तरी. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा हातात ठेवला, "नाशिकला पाठवा" म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या. त्या धापा टाकत होत्या, मग मी काय बोलणार. लाडू उत्तम आहेत, पाच संपले, फक्त खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही, खोबरं नळीत जातं.

आता डबा घासून ओट्यावर पडलाय. रिकामा परत द्यायचा नसतो. त्यात काय घालायचं म्हणून मी बायकोला विचारलं, तर पेपरातून मान वर न काढता ती म्हणाली, "घुगऱ्या."