पासष्टीची पायरी

माझी धाकटी मावशी कोरेगाव तालुक्यात राहते. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार तिच्या खात्यात येतात. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या येतात, नातवाच्या हातावर कधी वीस रुपये ठेवता येतात. परवा फोनवर म्हणाली, “भाद्रपदात पासष्ट पुरी झाली की बंद व्हायचं गं माझं.” मी इथं ब्रॅम्प्टनमध्ये ते ऐकत होते. इथली माणसं पासष्टीची वाट बघत असतात.

कॅनडात ६५ व्या वर्षी ‘ओल्ड एज सिक्युरिटी’ सुरू होते, महिना सातशे डॉलरहून थोडी जास्त. त्यासाठी कधी नोकरी केलेली असावी लागत नाही की हप्ते भरलेले असावे लागत नाहीत; पैसा सगळ्यांच्या करातून येतो. अट एवढीच, की वयाच्या अठरानंतर किमान १० वर्षं या देशात राहिलेलं असावं. पूर्ण रक्कम हवी तर ४० वर्षं. आमच्या शेजारच्या पंजाबी आजींनी आयुष्यभर फक्त घर सांभाळलं. उतारवयात आल्यामुळे त्यांना पूर्ण रकमेचा थोडाच हिस्सा मिळतो, पण तो त्यांच्या स्वतःच्या नावावर. उत्पन्न अगदीच कमी असेल तर वर पूरक भत्ता मिळतो, आणि ज्याचं उत्पन्न भरपूर आहे त्याच्याकडून हेच पैसे करातून परत घेतले जातात. म्हणजे आधी वय बघायचं, द्यायचं, आणि ज्याला गरज नाही त्याच्याकडून मागाहून काढून घ्यायचं.

आपल्याकडे ६५ नंतर श्रावणबाळ योजना आहे. रक्कम तीच, दीड हजार. पण ‘लाडकी बहीण’ला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, आणि श्रावणबाळला २१ हजार! दिवसाला ५८ रुपये होतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातलं कुणी वर्षात ६८ दिवस त्या कामावर गेलं तरी ते घर मर्यादेच्या बाहेर. सरकारनंच दिलेल्या मजुरीनं म्हातारं माणूस सरकारच्याच योजनेतून बाद होतं. मावशीचा मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो. ती चौसष्टाव्या वर्षी गरजू होती. पासष्टाव्या वर्षी तिची गरज कुठं गेली?

शाळेच्या ग्रुपवर मी हे मांडलं तर रेवडीचा वाद सुरू झाला. “आमच्या कराचा पैसा फुकट वाटायचा का?” तिजोरीची काळजी खोटी नाही. लाडक्या बहिणींसाठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटींची तरतूद झाली, पुढच्या वर्षी ती ३६ हजार कोटींवर आली. कॅनडाइतकं देणं राज्याला परवडणार नाही, हेही मला कळतं. माझं म्हणणं रकमेबद्दल नाहीच. दीड हजारच द्या, पण वय झालं म्हणून द्या, आणि महागाईबरोबर वाढवा. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तेवढाच आहे. तेव्हा तूरडाळ काय भावानं होती ते ज्यानं त्यानं आठवावं.

इथं ही रक्कम दर तीन महिन्यांनी महागाईशी ताडून बघतात. ते आपोआप मिळालेलं नाही. १९८५ मध्ये ब्रायन मलरोनी यांच्या सरकारनं अर्थसंकल्पात महागाईशी असलेली ही सांगड सैल करायचं ठरवलं होतं. ओटावात संसदेसमोर निदर्शनं झाली, आणि सोलांज डेनी नावाच्या ६३ वर्षांच्या बाईंनी पंतप्रधानांना तोंडावर सुनावलं, तुम्ही आम्हाला फसवलंत. काही दिवसांत सरकारनं माघार घेतली. त्या बाई तिथं दयेची याचना करायला गेल्या नव्हत्या. आपल्या हक्काचं आहे याची त्यांना खात्री होती, म्हणून तो आवाज निघाला. आपल्याकडे जुन्या पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचारी संपावर गेले, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते. पण शेतमजूर म्हातारीनं संप कुठं करायचा?

इथं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. टोरोंटोच्या परिसरात एका खोलीच्या घराचं भाडं या पेन्शनच्या दुपटीहून जास्त आहे. फूड बँकेच्या रांगेत म्हातारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. कित्येकांशी दिवसभर कुणी बोलत नाही. मावशीच्या अंगणात संध्याकाळी चार बायका तरी येऊन बसतात, आणि ते कुठल्याही डॉलरनं मिळत नाही. पण त्या चौघींतल्या दोघी पासष्टीच्या पुढच्या आहेत आणि दोघींनाही काही मिळत नाही. अंगण आहे म्हणून गोळ्या फुकट येत नाहीत.

मावशीला मी म्हटलं, मी पाठवीन की दर महिन्याला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तू पाठवशील गं बाळा. पण ते माझ्या नावाचे यायचे.” आता ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी भाऊसाहेबांकडे जाणार आहे. पोराची कमाई धरून तिथं किती आकडा पडेल, हे तिनं मला दोनदा विचारलं.