कालचा दर लोकांच्या फोनात कोंबणाऱ्यांनो

प्रीकॅश, म्हणजे साइटच्या फाइली आधीच फोनात साठवून ठेवणं, हे काय प्रकरण आहे ते आधी नीट समजून घ्या आणि मगच लोकांच्या फोनला हात लावा. खरंच सांगतो, डोकं उठलंय. बेळगावच्या एपीएमसीतल्या एका अडत्याची वेबसाइट माझ्या गळ्यात पडलीय. साइट ती केवढी? रताळी, बटाटा, कांदा यांचे दर, मराठीत आणि कन्नडमध्ये, संपलं. आधी ज्या एजन्सीनं ती बांधली, तिनं 'नेट नसलं तरी चालते' म्हणून बिल वसूल केलं आणि पसार झाली. नेट नसताना चालते हे खरंच आहे. नेट असताना चालत नाही, एवढंच.

अडत्याचा दिवाणजी रोज पॅनलमधून दर बदलतो. सर्व्हरवरचं दराचं पान लगेच नवं होतं. पण उचगावच्या, चंदगडच्या शेतकऱ्याच्या फोनवर मात्र त्यानं साइट पहिल्यांदा उघडली त्या दिवशीचाच दर चिकटून बसलेला. माणूस गाडी भरून बाजारात येतो आणि दुकानात उभा राहून फोन नाचवतो, "हे बघा की ओ, तुमच्याच साइटवर हाय!" मग अडत्या मला फोन लावतो, "काय करायलंय ते तुमचं? लोक मला चोर म्हणायलेत." त्याचं काय चुकलं?

आणि कारण किती फालतू! वर्कबॉक्स नावाच्या तयार टूलकडून सर्व्हिस वर्कर (साइट आणि नेट यांच्यामध्ये ब्राउझरात बसून फाइली पुरवणारी स्क्रिप्ट) तयार करून घेताना त्या महाभागांनी दराचं पानसुद्धा प्रीकॅशच्या यादीत घातलं. त्या यादीत पानापुढं त्याच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारी खूण असते आणि ती निघते फक्त बिल्ड चालवताना, म्हणजे डेव्हलपर साइटच्या फाइली नव्यानं तयार करतो तेव्हा. दिवाणजीनं दर बदलला की बिल्ड कोण चालवणार, दिवाणजी? सर्व्हिस वर्करची फाइल एका बाइटनंही बदलत नाही, म्हणून ब्राउझरच्या लेखी नवीन काही घडलेलंच नसतं. तो कॅशमधलं, म्हणजे फोनात साठवलेलं, पान काढून देतो, सर्व्हरला विचारतसुद्धा नाही. जे रोज बदलतं ते प्रीकॅशमध्ये घालायचं नसतं, हे कळायला काय इंजिनिअरिंगची डिग्री लागते?

एजन्सीला फोन केला तर उत्तर काय, "युजरला कॅश क्लिअर करायला सांगा." सांगा ना तुम्हीच! कणकुंबीतल्या म्हाताऱ्याला, धो धो पावसात, रेंजची एक काडी येते-जाते अशा फोनवर, सेटिंगमध्ये जा, साइट डेटा शोधा, पुसा. कन्नडमध्येही सांगा, बैलहोंगलहून फोन आला तर.

बरं, मी यादी सुधारून नवा सर्व्हिस वर्कर चढवला. तरी जुनाच दर! कारण नवा वर्कर इन्स्टॉल होऊन दाराशी ताटकळत बसतो. साइटचं शेवटचं पान बंद होईपर्यंत जुनाच गादीवर. नुसतं रिफ्रेश करून तो हटत नाही. आणि आमच्याकडं टॅब बंद कोण करतो? लोक फोन खिशात घालतात, झालं. शेवटी स्किपवेटिंग, म्हणजे 'थांबू नको, लगेच ताबा घे' हा हुकूम, घालावं लागलं. चालू पानाखालीच वर्कर बदलला की जुन्या पानाला नव्या फाइली मिळून गोंधळ होऊ शकतो, म्हणून ते डोळे झाकून घालायची गोष्ट नाही. पण इथं दुसरा इलाज ठेवलाच नव्हता कुणी.

फाँटचा प्रकार तर बघाच. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही साधे आणि ठळक, प्रत्येकाच्या तीन-तीन जातीच्या (फॉरमॅटच्या) फाइली. साइटचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये युनिकोड-रेंज, म्हणजे कोणता फाँट कोणत्या लिपीसाठी ते, नीट दिलेली आहे, म्हणजे पानावर जी लिपी आहे तेवढाच फाँट ब्राउझर स्वतःहून आणतो. शहाणा आहे तो. पण प्रीकॅशच्या यादीत कोणत्या फाइली घ्यायच्या तो पॅटर्न असा मोकाट लिहिलाय की फोल्डरमधला सगळा गाळ उचलला गेला. चंदगडच्या माणसाच्या डेटा पॅकमधून कन्नड फाँट उतरतो, बैलहोंगलच्या माणसाच्या पॅकमधून देवनागरी, आणि ज्या जुन्या जातीच्या फाइली आजचा ब्राउझर उघडूनही बघणार नाही त्या दोघांच्याही बोकांडी. वर बाजाराच्या गेटचा एक अगडबंब फोटो. वर्कबॉक्स मुळात २ एमबीपेक्षा मोठी फाइल वगळतो आणि तसा इशारा देतो. या मंडळींनी इशारा वाचला आणि काय केलं? फोटो लहान नाही केला, मर्यादा वाढवली!

त्यात प्रीकॅशचा कारभार 'सगळं नाहीतर काहीच नाही' असा. यादीतली एक फाइल सर्व्हरवर सापडली नाही की अख्खं इन्स्टॉल फसतं. परवा अपलोड अर्ध्यावर असताना लाईट गेली. वर्करची फाइल वर पोचलेली, बाकीच्या अजून माझ्या लॅपटॉपवरच. पहिल्यांदा येणाऱ्यांच्या फोनवर काहीच बसेना, जुन्यांचं जुनंच चालू, आणि चूक दिसते कुठं, तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपरसाठीच्या खिडकीत. ती कोण बघतंय? म्हणून एजन्सीची अपलोड स्क्रिप्ट फोडून वर्कर सगळ्यात शेवटी चढवायला लावला.

आता प्रीकॅशमध्ये फक्त साइटचा सांगाडा ठेवलाय, सीएसएस, लोगो आणि 'नेट नाही' सांगणारं एक पान. दर आधी नेटवरून, तीन सेकंदांत नाही आला तर साठवलेला, आणि त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात तारीख. एवढंच करायचं होतं सुरुवातीला. एका दुपारचं काम.

आणि निर्लज्जपणा किती असावा? त्याच एजन्सीनं अडत्याला आता पुश नोटिफिकेशनचं कोटेशन पाठवलंय. त्यालाही बहुतेक फोनवर सर्व्हिस वर्करच लागतो.