३८ वर्षांचे पाऊल, २७ वर्षांचा ठोसा

येत्या शनिवारी, १९ जुलै २०२५ला, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर असलेल्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये युक्रेनचा ओलेक्सांदर उसिक आणि ब्रिटनचा डॅनियल ड्युबुआ यांची मुष्टियुद्धातली हेवीवेट गटाची लढत आहे. उसिककडे जगज्जेतेपदाचे तीन पट्टे आहेत, ड्युबुआकडे चौथा, आणि जिंकणाऱ्याच्या कमरेला चारही बांधले जातील. उसिक ३८ वर्षांचा आहे, ड्युबुआ २७ वर्षांचा. लंडनमध्ये या लढतीचा निकाल अजून लागायचा असला, तरी कोकणात माझ्या गावी, हर्णैच्या बंदरावर, तो गेला आठवडाभर रोज लागतो आहे. पावसाळी मासेमारीबंदीमुळे होड्या वर ओढून झाकून ठेवल्या आहेत, जाळी दुरुस्त करताना हात गुंतलेले आणि तोंडे मोकळी असतात, आणि माझा मामेभाऊ व त्याचे वडील, म्हणजे माझे मामा, यांच्यात रोज संध्याकाळी जुंपते; मामेभाऊ ड्युबुआच्या बाजूचा, मामा उसिकच्या. निवाड्यासाठी फोन मला येतो. ‘तू तिथे राहतोस, तूच सांग,’ असे दोघेही म्हणतात, जणू वेम्ब्लीजवळ भाड्याने राहिले की मुष्टियुद्धातले आपोआप कळू लागते.

मामेभावाची बाजू सांगायला सोपी आहे. ड्युबुआने जिंकलेल्या २२ लढतींपैकी २१ नॉकआउटने संपल्या आहेत. गेल्या सप्टेंबरात याच वेम्ब्लीवर त्याने अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडले आणि पाचव्या फेरीत लढत संपवली. शेवटचा तो आखूड उजवा ठोसा मामेभावाने मोबाइलवर किती वेळा पाहिला असेल, याची गणती नाही. मला मात्र त्या ठोशाच्या आधीची काही सेकंदे अधिक महत्त्वाची वाटतात. जोशुआचा एक ठोसा ड्युबुआला जोरात लागला होता, आणि आता हा संपला असे समजून जोशुआ सरळ रेषेत आत घुसला. उसिक असा सरळ रेषेत घुसलेला मी तरी पाहिलेला नाही.

मामा तरुणपणी गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळत. मुष्टियुद्धाची परिभाषा त्यांना येत नाही, पण २०२३ साली पोलंडमधल्या व्रॉत्सवाफ शहरात या दोघांची पहिली लढत झाली तेव्हा तिचे चित्रीकरण मुलाच्या फोनवर बघून त्यांनी मला विचारले होते, ‘काय रे, तो डावखुरा आपला पुढचा पाय सारखा त्याच्या पायाच्या बाहेर का नेऊन ठेवतो?’ डावखुरा म्हणजे उसिक, आणि प्रश्न अचूक होता. डावखुऱ्याचा उजवा पाय पुढे असतो आणि उजव्या हाताने लढणाऱ्याचा डावा, त्यामुळे दोघांची पुढची पावले एकमेकांना भिडतात. ज्याचे पाऊल बाहेरच्या बाजूला पडते, त्याच्या मागच्या हाताला प्रतिस्पर्ध्याच्या तोंडापर्यंत सरळ वाट मिळते आणि समोरच्याचा मागचा हात लांब पडतो. माझी मुलगी इथल्या ज्या लहानशा क्लबात शिकते, तिथल्या प्रशिक्षकांनी याचसाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा मारल्या आहेत. पहिला दीड महिना तिने हातमोजे घालून फक्त त्या रेघांवर पावले टाकली. मोजे कशाला घालायला लावले, हे मला अजून कळलेले नाही. घोटा पकडण्यासाठी दबा धरून बसलेला कोपऱ्यातला खेळाडू जे बघतो, तेच मामांनी पाहिले होते.

इकडे माझ्या कार्यालयात याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ड्युबुआ लंडनचा मुलगा आहे आणि १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस निर्विवाद जगज्जेता ठरल्यानंतर तसे कोणत्याही ब्रिटिश हेवीवेटला जमलेले नाही, एवढे दोन मुद्दे लोकांना पुरतात. त्यात गैर काही नाही, आपणही आपल्या माणसाबद्दल असेच बोलतो. पण हर्णैत ना कोणाचे युक्रेनशी नाते आहे ना इंग्लंडशी, त्यामुळे तिथला वाद निव्वळ खेळाचा राहिला होता. राहिला होता असे म्हणतो, कारण सोमवारी लॉर्ड्सवर आपण १९३ धावांचा पाठलाग करताना २२ धावांनी हरलो आणि ३६ वर्षांचा जडेजा ६१ धावांवर नाबाद राहिला. त्या संध्याकाळपासून मामेभाऊ म्हणतो की जडेजाने हात खोलले असते तर सामना जिंकलो असतो, आणि मामा म्हणतात की तो उभा नसता तर सामना इतका लांबलाच नसता. उसिक बाजूलाच राहिला आणि भांडण पोराने बापाचे कुठवर ऐकावे यावर आले. त्यात मी पडत नाही. विशीतच गाव सोडलेल्या माणसाने त्यात पडूही नये.

खेळापुरते बोलायचे तर मामेभावाचा सर्वांत भक्कम पुरावा इतिहासाचा आहे, आणि तो मामांना आवडत नाही. मामांना १९७४चे किन्शासा तेवढे आठवते, जिथे ३२ वर्षांच्या अलीने २५ वर्षांच्या फोरमनला दोरांवर रेलून दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. पण ३२ म्हणजे ३८ नव्हे. अली ३८ वर्षांचा असताना, १९८० मध्ये, लॅरी होम्ससमोर त्याचे इतके हाल झाले की दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनीच लढत थांबवली. (योगायोग असा की अली आणि उसिक या दोघांचाही जन्मदिवस १७ जानेवारी.) पुढे १९८८ मध्ये तोच होम्स ३८ वर्षांचा असताना माइक टायसनने त्याला चौथ्या फेरीत झोपवले. २०१७ मध्ये याच वेम्ब्लीवर ४१ वर्षांच्या क्लिचकोने जोशुआला सहाव्या फेरीत पाडले खरे, पण अकराव्या फेरीत तोच हरला, आणि जोशुआ तेव्हा २७ वर्षांचा होता, म्हणजे आज ड्युबुआ आहे तेवढाच.

हे सगळे मान्य करूनही या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. अली दोन वर्षांच्या खंडानंतर रिंगमध्ये उतरला होता, होम्स जवळपास तेवढ्याच, आणि क्लिचको दीड वर्षाच्या आसपास. उसिकने मात्र गेल्या चौदा महिन्यांत टायसन फ्युरीसारख्या अवाढव्य माणसाशी दोनदा पूर्ण बारा फेऱ्या लढून दोन्ही लढती जिंकल्या आहेत, आणि त्यातली दुसरी डिसेंबरातली आहे. वयापेक्षा हा मधला खंड घातक असतो, हे मला मामांनीच शिकवले. त्यांचा पाय मोडला तेव्हा दोन हंगाम ते मैदानाबाहेर होते. परतल्यावर काय झाले ते त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘पाऊल दिसायचे रे, पण हात पोचेपर्यंत ते गेलेले असायचे.’

व्रॉत्सवाफच्या पाचव्या फेरीचा उल्लेख टाळता येणार नाही. ड्युबुआचा उजवा ठोसा उसिकच्या कमरपट्ट्यावर बसला, उसिक खाली गेला, पंचांनी तो ठोसा कमरेखालचा ठरवला आणि उसिकला जवळपास चार मिनिटे सावरायला मिळाली. मामेभावाच्या मते लढत तिथेच संपली होती. ठोसा नियमात होता असे वादापुरते मी धरून चालतो, कारण चित्रीकरण पाहून मलाही खात्री देता येत नाही. पण त्यानंतर आठव्या फेरीत ड्युबुआ खाली गेला आणि नवव्या फेरीत पुन्हा जाऊन उठू शकला नाही, आणि तेही जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, हलक्या ठोशावर. जॅबने माणूस पडतो तेव्हा त्याच्या पायांतले त्राण आधीच गेलेले असते.

मला भीती आहे ती पहिल्या चार फेऱ्यांची. डोळ्याची खोबण मोडल्यावर २०२० मध्ये गुडघा टेकणारा ड्युबुआ आता राहिलेला नाही. मिलर, हर्गोविच आणि जोशुआ यांच्याविरुद्ध मार खाऊनही तो पुढेच सरकत राहिला. उसिकचे शरीर पोटावरच्या ठोशांनी दुखते, हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि ड्युबुआ सुरुवातीलाच तिथे मारा करेल. पाचव्या फेरीच्या घंटेला उसिकचे पाऊल बाहेर पडत असेल, तर माझ्या अंदाजाने तो नवव्या किंवा दहाव्या फेरीत लढत थांबवेल. तोवर ते आतच अडकलेले असेल, तर मी मामेभावाची माफी मागेन.

पैज लागली आहे ती नारळी पौर्णिमेनंतर बंदरावर येणाऱ्या पहिल्या पापलेटाच्या जोडीची, आणि मी कोणत्याही बाजूला असलो तरी मला त्यातले काही मिळणार नाही. इथे रात्री दहाला लढत सुरू झाली तर तिकडे अडीच वाजलेले असतील, आणि जुलैत हर्णैला त्या वेळी वीज असेलच असे नाही. लढत आठव्या फेरीच्या पुढे गेली तरच फोन कर, असे मामांनी बजावले आहे. त्याआधी संपली तर उगाच झोपमोड नको, कोण हरले ते पोराच्या तोंडावरून सकाळी कळेलच, म्हणाले.